डोंगरगावचा डायनोसॉर कोलकात्यात कशाला?

काळीमाती:
चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीतून १९८०च्या दशकात इसिसॉरस निघाला. कवटी आणि मागचे पाय नाहीत, पण मान, पाठ, शेपूट, पुढचा एक पाय मिळाला. आपल्याकडच्या लांबमान्या डायनोसॉरांपैकी एवढं क्वचितच सापडतं. आणि आहे कुठे? कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेकडे. प्राण्याला नावसुद्धा त्याच संस्थेचं (‘इसि’ म्हणजे ISI, संस्थेचं इंग्रजी लघुरूप)! सांगाडा परत आणा, जिल्ह्यात संग्रहालय करा. गुजरातने रैयोलीला, जिथे डायनोसॉरांचे अवशेष सापडले तिथे, २०१९ मध्ये केलंच की.

दगडू:
असहमत. संस्थेने त्याला स्वतःचं नाव दिलेलं नाही. १९९७ मध्ये संस्थेच्याच जैन आणि बंदोपाध्याय यांनी त्याला टायटॅनोसॉरस कोलबर्टी म्हटलं होतं. इसिसॉरस हे नाव २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च या परदेशी अभ्यासकांनी दिलं. हाडं खणली, साफ केली, जोडली संस्थेने, आणि आपण आता पत्ता विचारतोय. मूळ नमुना संशोधकांना तुलनेसाठी लागतो, तो तिथेच बरा. प्रतिकृती मागा, ती मिळायला हवी.

काळीमाती:
प्रतिकृतीच का? खाण आमची, कोळसा दुसऱ्याचा, हे चंद्रपूरकरांना नवीन नाही म्हणा.

पावशेर:
दोघंही सांगाड्यावर भांडताय. खरा ऐवज शेजारच्या पिसदुऱ्यात आहे: डायनोसॉरांच्या शेणाचे दगड झालेले गोळे! २००५ मध्ये त्यांत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडले. त्याआधी गवताचा खात्रीचा पुरावा डायनोसॉर संपल्यानंतरचाच होता. म्हणजे इथल्या लमेटा थरातल्या (डायनोसॉरांच्या काळातल्या खडकांतल्या) शेणामुळे गवताचा इतिहास मागे सरकला. (गवत या डायनोसॉरांच्या आहारात थोडंच होतं, ताड, सूचिपर्णी झाडं वगैरेही खात.) पण हे गोळे उघड्या शेतात पडलेले. इमारत नंतर बांधा, आधी ती जमीन राखीव करा.

वावरवाला:
राखीव म्हणजे कोणाची जमीन, साहेब? २०२२च्या भूवारसा विधेयकाच्या (जीवाश्म आणि भूशास्त्रीय जागा जपण्यासाठीच्या) मसुद्यात जमीन संपादनाची तरतूद होती. नांगराला लागलेला गोळा आम्ही बांधावर टाकतो. उद्या त्यापायी वावर जाणार असेल तर तो मुकाट मातीत पुरू. तुमचं शास्त्र गेलं, आमचं पीक राहिलं.

पावशेर:
संपादन नकोच. गोळा दाखवणाऱ्याला मोबदला द्या, नांगरणीआधी अभ्यासकांना शेतात फिरू द्या.

दगडू:
मोबदला ठेवला की विक्री सुरू होते. पाच रुपयांचा दगड पाचशेला जायला लागला की थर उकरतील.

वावरवाला:
आणि फुकट दाखवावा, ही अपेक्षा बरोबर?