फिश टँक शिफ्टिंग: ठाणे ते नाशिक

सी-७०३: शनिवारी सकाळी नाशिकला शिफ्ट होतोय. २ फुटी टँक, ३ गोल्डफिश, १ सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा). पॅकर्सवाले म्हणतात, अर्धं पाणी ठेवून टँक तसाच टेम्पोत चढवू. चालेल का?

ए-२०१: अजिबात नाही. २५-३० किलो पाणी कसारा घाटात हिंदकळलं की सिलिकॉनचा जोड सुटतो, नाहीतर तळाची काच तडकते. खडीही काढा. हीटर असेल तर पाणी उपसायच्या २० मिनिटं आधी बंद करा.

बी-५०४: मासे टेम्पोत नकोत, तुमच्या गाडीत घ्या. गुरुवारी रात्री शेवटचं खाणं. पोट रिकामं तर पिशवीत घाण कमी.

सी-७०३: पिशवी कशी भरायची ताई?

बी-५०४: एक भाग पाणी, दोन भाग हवा. मत्स्यालयवाल्याकडून ऑक्सिजन भरून मिळाला तर उत्तमच. लोक गळ्यापर्यंत पाणी भरतात आणि मासे गुदमरतात. एका पिशवीत एकच गोल्डफिश, वरून दुसरी पिशवी. सगळं थर्माकोलच्या बॉक्समध्ये, झाकण लावून.

ए-२०१: सकर मात्र बादलीत. त्याच्या पंखाचा काटा पिशवी फाडतो. झाकणाला नळीपुरतं भोक, आत बॅटरीवरचा एअर पंप.

डी-१०२: फिल्टर धुवून पॅक करा हं, वास मारतो.

ए-२०१: अहो, तेच तर करायचं नाही! माशांच्या घाणीतून विषारी अमोनिया होतो, तो फिल्टरच्या स्पंजमधले बॅक्टेरिया संपवतात. नळाच्या क्लोरीनने ते मरतात, मग अमोनिया साठत जातो. प्रवासात तगलेले मासे नंतर चार-पाच दिवसांत जातात ते बहुधा यामुळेच. स्पंज टँकच्याच पाण्यात ठेवा आणि डब्याचं झाकण सैल असू द्या, बॅक्टेरियांनाही ऑक्सिजन लागतो.

सी-७०३: जुनं पाणी?

बी-५०४: २० लिटरचा एक कॅन तरी न्याच. तिथलं पाणी नळाचं असेल तर अँटिक्लोरीन टाकूनच भरा.

डी-१०२: मग पोचल्यावर पिशवी उघडून तिच्यात तासभर थेंब थेंब टँकचं पाणी सोडायचं ना?

ए-२०१: दुकानातून घरी आणताना ठीक. चार-पाच तासांच्या प्रवासानंतर नको. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो (म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलेलं असतं), म्हणून अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. बंद पिशवी १५-२० मिनिटं टँकमध्ये तरंगू द्या, उघडल्यावर मासा लगेच आत सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत.

बी-५०४: त्या दिवशी लाइट बंद, खाणं दुसऱ्या दिवशी चिमूटभर. महिनाभर नवा मासा आणू नका.

सी-७०३: बॅटरीवाला पंप कुणाकडे मिळेल का? रविवारी परत पाठवतो.

बी-५०४: आहे माझ्याकडे. सेल नवे घाला.