पडदा गोठतो, नंतर संगणक सुरूच होत नाही

प्रश्न (दादर): पावसाळा लागल्यापासून आमचा सहा वर्षांचा डेस्कटॉप तासाभरात गोठतो. बटण दाबून ठेवून बंद केला आणि पुन्हा लावला, की पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच उमटत नाही. सुरू झालाच तर तारीख मागचीच दाखवतो. दुकानदार मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड) बदला म्हणतात. तत्पूर्वी घरी काय तपासावे?

मुलुंडकर: मदरबोर्डाची एवढी घाई करू नये. मुंबईच्या दमट हवेत रॅमच्या (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या कार्डाच्या) सोनेरी पट्ट्यांवर काजळी धरते, म्हणून वायर काढून, बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जिरू द्यावी, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून संगणकाच्या लोखंडी पेटीला हात लावावा आणि पट्ट्या साध्या खोडरबराने हलकेच पुसून रॅम दोन्ही बाजूंनी ‘टक्’ वाजेपर्यंत बसवावी. दोन रॅम असल्यास एकेक लावून पाहावी.

गिरगावकर: तारखेचा घोळ मात्र रॅमचा नव्हे. त्यासाठी मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटणसेल बदलावा. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापर्यंत जायचीही गरज नाही, घड्याळजीकडे मिळतो. हार्डडिस्कमधून ‘कट्-कट्’ असा आवाज येत असेल, तर आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवावीत. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) मात्र स्वतः उघडू नये, कारण वायर काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठलेली असू शकते.

प्रश्नकर्ता: दोघांचे आभार. एक रॅम लावली की पडदा काळाच राहतो, दुसरीवर काल रात्रभर चालला. सेल बदलल्यावर तारीखही टिकली.