मदत हवी आहे: रन्क्स२ उंदरांच्या कवटीत अलिझारिन रेड (हाडाला लाल करणारा रंग) फिकं उठतंय

जन्मदिवसाची पिल्लं आहेत, रन्क्स२ या हाड घडवणाऱ्या जनुकाची एक प्रत बंद असलेली. दोन्ही प्रती बंद असल्या की हाड तयारच होत नाही, सांगाडा कास्थीचा (कूर्चेचा) राहतो आणि पिल्लू जन्मताच दगावतं. म्हणून हंसळी (गळ्याखालचं हाड) आणि टाळू (कवटीच्या हाडांमधली मऊ फट) तपासायला एकच प्रत बंद असलेली पिल्लं घेतली आहेत. अडचण ही की त्याच वेतातल्या सामान्य भावंडांचीही कवटी फिकी येते. मग टाळू रुंद दिसली तर दोष जनुकाचा की रंगाचा, हे ठरवणार कसं?

पद्धत: कातडी व आतडी काढून ९५ टक्के इथेनॉल रात्रभर, चरबीसाठी ॲसिटोन रात्रभर. मग ०.०३ टक्के अल्शियन ब्लू (कास्थीला निळा करणारा रंग), ८० टक्के इथेनॉल आणि २० टक्के ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडमध्ये, ४८ तास. ७० टक्के इथेनॉलने धुऊन १ टक्का केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), त्यातच ०.००५ टक्के अलिझारिन ४ तास, शेवटी ग्लिसरॉल.

संशय ॲसिडवर आहे. ते कॅल्शियम काढून घेतं, आणि कवटीची पातळ हाडं सर्वांत आधी सापडतात. मांडीचं हाड मात्र लालभडक येतं.

अल्शियन एकाच रात्रीवर आणलं तर बरगड्यांची कास्थी पुरेशी निळी होते का? ॲसिडऐवजी मॅग्नेशियम क्लोराइड कोणी उंदरावर वापरलंय का, किती मोलर? की कवटी वेगळी काढून फक्त अलिझारिनमध्ये टाकावी? केओएच वाढवायचं नाही, सांधे सुटतात.