"बापाची चूक मुलाने सुधारली" म्हणे!

रानभैरी
परवा एकाने पोस्ट टाकली: "1976 मध्ये वडिलांनी केलेली चूक 2017 मध्ये मुलाने दुरुस्त केली. चंद्रचूड घराण्याचा मराठी माणसाला अभिमान!" खाली बदामांचा पाऊस. डोकंच फिरलं.

आणीबाणीत 'मिसा' या विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली धरलेल्यांना कोर्टात दाद मागता येते, असं नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं होतं, त्यात आपलं मुंबईचंही होतं. 28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयाने ते सगळं चार विरुद्ध एक असं मोडीत काढलं. सुनावणीत न्या. खन्नांनी (विरोधातला तो एक तेच) अॅटर्नी जनरलना विचारलं होतं, पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर? नीरेन डे म्हणाले, आणीबाणी असेपर्यंत इलाज नाही. हे ऐकूनही चौघे सरकारच्या बाजूने गेले, त्यात थोरले न्या. य. वि. चंद्रचूड! चौघांतल्या न्या. बेगसाहेबांनी तर लिहिलं की सरकार स्थानबद्धांची जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेतंय.

दुरुस्ती केली ती 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने. कलम 21, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, आता आणीबाणीतही गोठवता येत नाही. ते काम संसदेचं. कोर्टाला जाग आली 2017 ला, तीही आधारवरून निघालेल्या खासगीपणाच्या खटल्यात, मुलगा न्या. धनंजय चंद्रचूड पीठावर असताना. तोवर मिसा रद्द होऊनही जवळपास चाळीस वर्षं झाली होती. कसला अभिमान?

काळा_कोट
अर्धवट माहितीवर एवढा आवेश? संसदेने दिलेलं उद्या संसदच काढू शकते. म्हणून पुट्टस्वामी, म्हणजे हाच 2017 चा खासगीपणाचा निकाल, लागतो. जगण्याचा हक्क ही घटनेने घातलेली भीक नाही, तो माणसाजवळ आधीपासूनच आहे, हे नऊ जणांच्या पीठाच्या निकालात लिहिलं गेलं आणि 1976 चा तो जबलपूरचा निकाल नावानिशी रद्द झाला. वडिलांचा निकाल मुलाने 2018 मध्येही फिरवला, व्यभिचाराच्या कलम 497 वर. सोपं असतं का ते घरात?

रानभैरी
घरातलं घरात ठेवा. खन्नांचं सरन्यायाधीशपद जानेवारी 1977 मध्ये हुकलं, बेगना मिळालं, खन्ना राजीनामा देऊन घरी गेले. त्यांच्यासाठी किती बदाम पडले तुमच्या पोस्टवर? "हिऱ्यासारखी लखलखीत" आशा व्यक्त करून सरकारच्या बाजूने गेलेले थोरले चंद्रचूड मात्र पुढे सात वर्षं सरन्यायाधीश!

माजघर
निकाल राहू द्या हो, आधी मानधनाचं बोला. 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारने मिसाबंदींना महिना 10,000 सुरू केले, महिन्याहून कमी आत असतील त्यांना 5,000. 2019 ला दुसरं सरकार आलं, 2020 ला बंद. 2022 ला तिसरं आलं, चालू. 2025 मध्ये दुप्पट. स्वातंत्र्याची किंमत कोण सत्तेवर आहे त्यावर ठरते का?

काळा_कोट
विषय काय, बोलताय काय!

येरवडा_ब्रँच
हाच विषय आहे. माझे वडील सेवादलाचे, येरवड्यात होते. बराकीत संघाचे, समाजवादी, एक-दोन मार्क्सवादी, सगळे एकाच पिंपातलं पाणी पीत. घरी आईने शिलाई मशीन चालवून आम्हाला वाढवलं. मानधनाचा फॉर्म मी आणला तर बाबा म्हणाले, "मी काय नोकरीला होतो का तिथे?" आणि परत केला. आता दुसऱ्याच्या हातात चेक बघून कुणी ज्ञान पाजळलं की माझं टाळकं सटकतं.

माजघर
तुमच्या बाबांना परवडलं. माझ्या काकांना नाही. ते संघाचे, नाशिकला होते. आत असताना दुकान गेलं, परत उभं राहिलंच नाही. उतारवयात अर्ज केला तर कचेरीतला बाबू म्हणतो, "स्थानबद्धतेचा मूळ आदेश आणा." ज्यांनी धरलं त्यांच्याकडेच कागद असणार ना! माणूस हेलपाटे घालून घालून थकला. त्यांनी घेतलेल्या पैशांवर बोट ठेवायचा अधिकार तुम्हाला नाही.

येरवडा_ब्रँच
काकांवर बोट नाही ठेवलं. माफीपत्र देऊन बाहेर आलेले आज हारतुरे घेतात, त्यांच्यावर ठेवलं.

माजघर
आलात ना शेवटी तिथेच! कुणी काय लिहून दिलं याचा पुरावा आहे? नसेल तर तोंड आवरा.

काळा_कोट
दोघेही थंड घ्या. आणि रानभैरी, तुम्हाला एक आठवण. 1965 मध्ये मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरींनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं, सरकारने हस्तलिखित बाहेर पाठवू दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पाठवू द्या. कोर्ट नेहमीच झोपलेलं नसतं.

रानभैरी
वा! म्हणजे 1965 ला कळत होतं, 1976 ला कळेनासं झालं. तुम्हीच माझी बाजू मांडलीत, आभार. बरं, 2017 चा निकाल निरुपयोगी नाही, एवढं लिहून देतो. फ्रेम करून लावा चेंबरमध्ये.

काळा_कोट
लावतो. शेजारी न्या. भगवतींचाही फोटो लावतो. 1976 च्या चौघांतले ते 2011 मध्ये उघडपणे म्हणाले की आपलं चुकलं. पस्तीस वर्षांनी का होईना.

माजघर
आणि 2025 च्या जुलैत विधिमंडळाने कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, त्यावर येरवडावाले बोलणार का? की फक्त माझ्या काकांच्या पासबुकावर?

येरवडा_ब्रँच
मी विरोधात सही केली आहे. तुम्ही?

माजघर
काकांच्या औषधांची वेळ झाली. रात्री बोलू.