मदत हवी आहे: डूमची तासाभराची लेव्हल बनवलीय, पण सगळे अर्ध्यात सोडून जातायत

पोफळीकर

नमस्कार मंडळी. इथे गेमवाले किती आहेत कल्पना नाही, तरी विचारून बघतो.

डूम २ (बंदुकीने राक्षस मारत पुढे जायचा गेम) साठी गेलं दीड वर्ष मी एक लेव्हल बनवतोय. १९९४ चा गेम अजून कोण खेळतं हा प्रश्न घरात विचारून झालाय, कृपया इथे नको. जेवणं उरकली की रात्री साडेदहा ते साडेबारा हाच उद्योग. एकच मॅप आहे, पण अवाढव्य. मला कोपरा न् कोपरा पाठ आहे तरी संपवायला ५५ मिनिटं लागतात.

माझे वडील कोयना प्रकल्पात होते. शाळेत असताना एकदा त्यांच्याबरोबर पोफळीचं जमिनीखालचं वीजघर बघितलं होतं. बोगद्यातून आत गेलो आणि डोंगराच्या पोटात एकदम एवढं मोठं दालन! ते डोक्यातून गेलंच नाही. लेव्हल तशीच आहे: आत जायचा बोगदा, चार जनित्रांचं दालन, खाली झडपांचा मजला, मग केबलची भुयारं आणि शेवटी पाणी बाहेर सोडणारा अवजलाचा बोगदा. बूम फॉरमॅट (डूमच्या लेव्हलचा एक सुधारित प्रकार), अल्टिमेट डूम बिल्डर या लेव्हल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलीय. ४१२ मॉन्स्टर, ३ चाव्या, ९ सिक्रेट (लपवलेल्या जागा).

आता रडगाणं. तिघांना खेळायला दिली, तिघांनीही सोडली. दोघांनी "भारी आहे, वेळ मिळाला की पूर्ण करतो" म्हणून बोळवण केली. तिसरा माझा मेहुणा. गणपतीत घरी आला होता, त्याला शेजारी बसवूनच खेळवलं. पहिली वीस मिनिटं पठ्ठ्या खुर्चीच्या टोकावर. मग झडपांच्या मजल्यावर एक स्विच दाबला. त्याने जनित्रांच्या दालनातली जाळी उघडते. याला काही ते कळलं नाही. टॅब दाबून नकाशा बघ, परत ये, भिंतींना चिकटून स्पेसबार दाबत फीर, पुन्हा नकाशा. मी जीभ चावून गप्प. अकरा मिनिटं हे चाललं. मग बंदूक एका कोपऱ्याकडे करून तो नुसताच बसला आणि म्हणाला, "दाजी, छान केलंय हो. उरलेलं उद्या करू." तो उद्या अजून उजाडायचाय.

मला वाटलं होतं, मधल्या भागात मारामारी कमी पडतेय म्हणून कंटाळा येतो. म्हणून केबलच्या भुयारात आणखी २२ बॅरन (लवकर न मरणारे दांडगे मॉन्स्टर) टाकले. त्यानंतर ज्याने खेळली त्याने तर भुयारातच राम म्हटला. ४१२ मध्ये तेही धरलेत.

एवढी लांब लेव्हल तुम्ही शेवटपर्यंत कशासाठी खेळता? आणि कशाने सोडून देता? सरळ तीन तुकडे करू का? खरं काय ते सांगा, वाईट वाटून घेणार नाही. (थोडं घेईन.)

टॉर्चवाला

फाईल उतरवून घेतली आणि काल रात्री बसलो. ३८ व्या मिनिटाला सोडली. मेहुण्याच्या बाजूने माझं एक मत धरा.

सुरुवात मात्र कडक आहे. अरुंद बोगद्यातून येऊन दालनात पाऊल टाकतो तेव्हा छत एकदम वर जातं, तिथे मी लढायचं सोडून दहा सेकंद वरच बघत होतो. मागून इम्पचा (साधा मॉन्स्टर) आगीचा गोळा खाल्ला.

स्विचचं दुखणं सांगतो. मूळ डूममध्ये १२०० युनिटच्या (गेममधलं अंतराचं माप) पलीकडचा आवाज ऐकूच येत नाही. तुमची जाळी स्विचपासून मोजली, २९०० च्या आसपास भरली. म्हणजे ती उघडल्याचा आवाज होतो, पण फक्त तिच्याजवळ उभ्या असलेल्या मॉन्स्टरला ऐकू येतो. खेळणाऱ्याला ना दिसलं, ना ऐकू आलं. त्याने काय स्वप्नात बघायचं?

चालणं लांब पडतंय हा समज काढून टाका. डूममधला माणूस घोड्यासारखा धावतो, ३००० युनिटचा बोगदा पाच सेकंदांत पार होतो. पाच सेकंदांना कोणी कंटाळत नाही. "मी आत्ता केलं त्याचं पुढे काय झालं?" याचं उत्तर मिळालं नाही की माणूस दमतो. छोट्या लेव्हलमध्ये हे खपतं, चार दारं बघितली की सापडतं. तुमच्याकडे बघायच्या जागा साठ-सत्तर आहेत.

उपाय सोपा आहे. डूममध्ये मजल्यावर मजला बसत नाही, म्हणजे तुमचा "खालचा" झडपांचा मजला खरा दालनाच्या शेजारीच आहे, फक्त खोल. मग मधल्या भिंतीला खिडकी पाडा की! स्विच दाबला की समोर वर जाळी सरकताना दिसली पाहिजे. जाळी थोडी अलीकडे घेतली तर खडखडाटही ऐकू येईल.

गोगलगाय९३

मी बॅरनबद्दल बोलायला आलोय. कोणीतरी बोलायलाच हवं.

एका बॅरनचं आयुष्य १०००. डबल शॉटगनच्या एका बारात २० छर्रे, सगळे लागले तर सरासरी २००. म्हणजे एक बॅरन पाच बारांत, तेही एकही छर्रा भिंतीत गेला नाही तर. २२ बॅरन म्हणजे ११० बार, २२० काडतुसं. प्रत्येक बार भरून उडवायला दीड सेकंदाच्या वर. नुसती बंदूक भरण्यात तीन मिनिटं गेली हो! आणि भुयार इतकं अरुंद की डावी-उजवी करायलाही जागा नाही. मागे सरकायचं, बार काढायचा, मागे सरकायचं. याला लढाई नाही म्हणत, दळण म्हणतात.

तेच बॅरन दालनात टाका. चार जनित्रांच्या आडोशाने फिरत लढता येईल, इम्प आणि बॅरन एकमेकांत जुंपता येतील. गंमत मॉन्स्टरच्या संख्येत शोधू नका. कुठे उभं राहायचं हे मला ठरवता आलं पाहिजे.

उलटा_पंखा

तीन तुकडे करा आणि मोकळे व्हा. आजकाल तासभर सलग कोणाकडे असतो? वीस-वीस मिनिटांचे तीन मॅप, प्रत्येकाच्या शेवटी किल आणि सिक्रेटचे टक्के दिसतात, माणूस खूश. मूळ गेमच्या पहिल्याच लेव्हलचा पार टाइम (बनवणाऱ्यांनी ठरवलेली अपेक्षित वेळ) ३० सेकंद होता!

टॉर्चवाला

@उलटा_पंखा, त्याच पहिल्या लेव्हलमध्ये खिडकीबाहेर अंगणात निळं चिलखत दिसतं, आठवतंय? दिसतं, पण जायचं कुठून कळत नाही. मग चोरवाट सापडते. ती बनवणाऱ्या जॉन रोमेरोचा नियमच होता की बाहेरची जागा दिसली तर तिथे जाता आलं पाहिजे. दुसरा नियम, त्याच जागी खेळणाऱ्याला पुन्हा पुन्हा आणायचं, म्हणजे जागा त्याच्या डोक्यात बसते.

आता यांच्या लेव्हलचे तुकडे केलेत तर नेमकं हेच जाईल. तिसऱ्या मिनिटाला बंद दिसलेलं दार पन्नासाव्या मिनिटाला पलीकडच्या बाजूने उघडावं, यात जी मजा आहे ती तीन मॅपमध्ये कुठून आणणार? मॅप संपला की मागचं सगळं पुसलं जातं.

२०२३ चा मायहाऊस हा डूम २ चा मॅप खेळलाय का? दिसायला एक साधं घर. पण परत परत त्याच घरात येता आणि दर वेळी काहीतरी बदललेलं असतं. जागा केवढीशी, आणि खेळ संपता संपत नाही.

खिडकीपाशी

मी या विषयातली तज्ज्ञ नाही, पण गिऱ्हाईक आहे. लेक झोपली की खेळते. एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटं, तीही ती कूस बदलेपर्यंत. एफ६ दाबून सेव्ह आणि पळ.

लांब लेव्हल मला आवडतात. अडचण दुसऱ्या रात्री येते. सेव्ह उघडलं की मी एका करड्या भिंतीसमोर उभी. कुठून आले, कुठे निघाले होते, काही आठवत नाही. नकाशा उघडला तर रेघांचं जाळं. तुमच्या केबलच्या भुयारात नेमकी हीच गत झाली, सगळ्या भिंती एकाच टेक्स्चरच्या (भिंतीवर चिकटवलेल्या चित्राच्या). मी तर आधीच मोकळ्या केलेल्या फाट्यात दोनदा जाऊन आले.

एक सुचवू का? तुमच्याकडे चार जनित्रं आहेत आणि तीन चाव्या. एक चावी मिळाली की एक जनित्र सुरू होऊ दे. निदान त्याच्यावरचा दिवा तरी लागू दे. मग दुसऱ्या रात्री दालनात आले की एका नजरेत कळेल, दोन झाली, दोन राहिलीत. आणि खऱ्या वीजघरात जनित्रांवर नंबर असतात ना? मग रंगवा मोठ्ठे आकडे. भुयारांच्या तोंडाशीही तेच आकडे.

गोगलगाय९३

@खिडकीपाशी, वा! आणि हे करणं अजिबात अवघड नाही. चावी उचलल्यावर आपोआप काही घडवता येत नाही या फॉरमॅटमध्ये, पण चावीभोवती लाइन आखून तिला लाइट वाढवायची ॲक्शन द्यायची. चावी घ्यायला गेला की लाइन ओलांडली जातेच. आधीच्या माझ्या बॅरनवाल्या प्रतिसादापेक्षा हे कामाचं आहे, हे मान्य.

पोफळीकर

मंडळी, दहा दिवसांनी येतोय, कारण सांगितलेलं करत बसलो होतो.

खिडकी पाडली. दोन तासांचं काम, दीड वर्षात सुचलं नव्हतं. जाळीही अलीकडे घेतली. आता स्विच दाबला की समोर वर ती सरकते आणि मागे दालनाचा उजेड दिसतो. बॅरन २२ चे ४ केले आणि चारही दालनात आणले. पहिल्या दोन चाव्यांचे दिवे लागतात, तिसऱ्याचा आज रात्री. आकडे रंगवले. वडिलांना स्क्रीन दाखवली तर म्हणाले, "आकडा एवढा मोठा नसतो." बाकी लेव्हलबद्दल चकार शब्द नाही.

केबलच्या भुयाराचे सहा फाटे होते, त्यातले चार उडवले. हे जिवावर आलं. त्यातल्या एकावर तीन रविवार घातले होते, वाकलेले पाइप, गळकं छत, प्रत्येक टेक्स्चर जुळवून. पण त्या फाट्यातून परत दालनात यायची वाटच नव्हती, नुसतं जायचं आणि आल्या पावली फिरायचं. वेगळ्या फाईलमध्ये ठेवलाय, पुढेमागे कामाला येईल. (येणार नाही, मला माहितीय.)

तुकडे करत नाहीये. @उलटा_पंखा, राग नसावा.

मेहुण्याला परवा पुन्हा बसवलं. जाळीपाशी "अरे, ते बघा उघडलं!" म्हणाला आणि मी उगाच पाणी प्यायला उठलो. तिसऱ्या चावीपाशी पुन्हा सात मिनिटं अडकला, तिथलं निस्तरतोय. पण उठला नाही. ६४ मिनिटांत संपवली.

आता एकच शंका उरलीय. शेवटची मोठी लढाई झाल्यावर अवजलाचा बोगदा येतो, दोन-अडीच मिनिटांचा. तिथे मी तीस रेव्हेनंट (सांगाड्यासारखे मॉन्स्टर) ठेवले होते. परवा चाचणीसाठी सगळे काढून मेहुण्याला दिलं आणि परत टाकायचे विसरलो. रिकाम्या बोगद्यात तो धावायचा थांबला. हळूहळू चालत, मागे वळून वळून बघत बाहेर गेला. मला ते आवडलं, पण फुकटचं वाटतंय. शेवट असा मोकळा सोडावा का?

खिडकीपाशी

मोकळाच सोडा. गोळ्या भरपूर ठेवा मात्र. रिकाम्या बोगद्यात गोळ्यांच्या पेट्या दिसल्या की माझ्या पोटात गोळा येतो.

टॉर्चवाला

तीस रेव्हेनंट परत टाकलेत तर मी धागा सोडून जाईन. फार तर भिंतीआड एक आर्च-व्हाइल (डूम २ मधला सगळ्यात धडकी भरवणारा मॉन्स्टर) जागा करून ठेवा. समोर आणू नका, नुसता ओरडू दे. १२०० युनिटच्या आत.