रॉकसाठी इलेक्ट्रिक गिटार कशी निवडलीत? फसलेले अंदाजही सांगा

परवा भाच्याचा फोन आला. "मावशी, रॉक वाजवायचंय. कुठली गिटार घेऊ?" मी वीस मिनिटं बोलले. स्ट्रॅटोकास्टर, लेस पॉल हे गिटारींचे घाट, सिंगल कॉइल, हंबकर हे पिकअप (तारांचा कंप पकडून त्याचा विजेचा सिग्नल करणारा भाग), सगळं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की यातलं काहीएक बघून मी माझी पहिली गिटार घेतली नव्हती. भिंतीवरच्या पोस्टरमध्ये होती तशी दिसणारी घेतली होती. काळी, टोकदार, व्ही आकाराची. मांडीवर ठेवली की घसरायची, त्यामुळे सहा महिने माझ्या डाव्या हाताचं निम्मं काम नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, सावरून धरण्याचं होतं. व्हीचा एक फाटा दोन मांड्यांच्या मध्ये घेऊन बसायचं असतं, हे मला कळलं तोवर ती विकून झाली होती.

तर 'सगळ्यात चांगली गिटार कुठली' हा वाद नको, त्याला अंत नाही. तुम्ही काय बघून घेतलीत, काय बघायचं राहिलं आणि ते कधी कळलं, एवढं लिहा. भाच्याला वाचायला देणार आहे.

*

मी स्ट्रॅट घाटाची घेतली, तीन सिंगल कॉइलवाली. ऐकून बघितली तेव्हा आवाज स्वच्छ होता, काचेसारखा. कारण ऐकताना डिस्टॉर्शन, म्हणजे रॉकचा तो मुद्दाम फाडलेला आवाज, लावायचं माझ्या डोक्यातच आलं नाही! घरी येऊन गेन (आवाज किती फाडायचा ते ठरवणारं अ‍ॅम्पचं बटण) चढवला आणि तारांना हात न लावताच 'घूंऽऽ' सुरू झालं. वाटलं, गिटार खराब निघाली. केबल बदलली, सॉकेट बदललं. मग वैतागून खुर्चीवर गर्रकन वळलो आणि घूं कमी झालं. परत वळलो, वाढलं. खोलीत एक दिशा अशी सापडली की तिकडे तोंड केलं की जवळजवळ शांत. पुढचं वर्षभर मी कपाटाकडे तोंड करून वाजवलं.

कारण पुढे समजलं. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचं एकच वेटोळं, ते तारांचा कंप पकडतं तसा विजेच्या वायरिंगचा 50 किंवा 60 हर्ट्झचा गुंजारवही पकडतं. हंबकरमध्ये दोन वेटोळी उलटसुलट जोडलेली असतात, चुंबकांची टोकंही उलट. त्यामुळे तारांचा आवाज एकात एक मिळतो आणि बाहेरचा गुंजारव एकमेकाला खोडून काढतो. सेथ लव्हरने गिब्सनसाठी हे बसवलं, 1955 मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि 1957 पासून ते लेस पॉलवर आलं. हंबकर म्हणजे जाड आवाज, एवढंच मी समजत होतो. 'हम' मारणारा तो हंबकर, हे नावातच लिहिलेलं होतं.

स्ट्रॅट विकली नाही मात्र. ब्रिजपाशी, म्हणजे धडावर तारा जिथे टेकतात तिथे, सिंगल कॉइलच्याच मापाचा छोटा हंबकर बसवून घेतला. बाकीचे दोन तसेच आहेत. पिकअप निवडायचा स्विच चौथ्या जागी असला की हे दोन एकत्र चालतात आणि तिथेही शांतता असते, कारण माझ्या गिटारमधला मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आहे. गंमत म्हणजे 1954 ची मूळ स्ट्रॅट तीनच जागांच्या स्विचची होती. लोक स्विच मध्येच अडकवून दुसऱ्या आणि चौथ्या जागेचे दोन जास्तीचे आवाज काढायचे. पाच जागांचा स्विच फेंडरने 1977 मध्ये दिला.

*

लाल होती. घेतली. चौदा वर्षं झाली. कुठले पिकअप आहेत ते या धाग्यामुळे काल पहिल्यांदा उघडून बघितलं.

*

वजन! यावर कुणीच का बोलत नाही? मी लेस पॉल घाटाची घेतली, बसून वाजवून. आवाज काय सांगू, एक पॉवर कॉर्ड मारला की छातीत घुमायचा आणि विरतच नसे. तिचं वजन साडेचार किलो. बसल्यावर ते मांडीवर असतं, उभं राहिल्यावर डाव्या खांद्यावर. बँडच्या पहिल्या दोन तासांच्या सरावानंतर मला उजवीकडे मान वळवता येईना. महिन्याभरात मी दोन गाण्यांच्या मध्ये स्टुलावर टेकायला लागले, मग गाण्यातही. रॉक बँडची गिटारिस्ट आणि स्टुलावर!

मग एसजी घाटाची घेतली. पातळ, दोन्ही बाजूंना शिंगं, वरच्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) हात आरामात जातो. लेस पॉल विकली जाईना म्हणून 1961 मध्ये गिब्सनने जे नवं रूप काढलं ते हेच. वजन उतरलं, पण हात सोडला की नेक जमिनीकडे झुकते, कारण धड हलकं आणि पट्ट्याची खुंटी मागे. त्याला उपाय आहे. आतून खरखरीत असलेला रुंद चामडी पट्टा घ्यायचा, तो खांद्यावर सरकत नाही. गुळगुळीत नायलॉनचा घेतलात तर गिटार नाही, तराजू गळ्यात घातल्यासारखं होतं.

उभं राहून, पट्टा लावून, निदान पंधरा मिनिटं वाजवल्याशिवाय घेऊ नका. लाजू नका.

*

वरच्या ताईंना अनुमोदन, आणि त्यात भर. लेस पॉल घाटाची गिटार स्टँडवर ठेवताना दहादा विचार करा. हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) मागे कललेला असतो, लाकूड महोगनी, आणि ट्रस रॉडच्या (नेकच्या आतली, तिचा बाक साधणारी सळई) नटासाठी नेमकं तिथेच कोरलेलं. माझी मागच्या मागे आडवी पडली. फार उंचावरून नाही, आपल्याच उंचीवरून. 'टक्' एवढाच आवाज. उचलली तर हेडस्टॉक तारांच्या आधाराने लोंबत होता. चिकटवून घेतली, उत्तम वाजते. ज्याने चिकटवली तो म्हणाला, आता तिथून मोडणार नाही, मोडली तर शेजारून मोडेल.

*

माझी गोष्ट फ्लोटिंग ब्रिजची. एकोणीस वर्षांचा होतो, ट्रेमोलोचा दांडा दाबून सूर पार पाताळात नेता यायला हवा, बस्स. एडी व्हॅन हॅलनला ऐकून आमच्या वयाच्या सगळ्यांना झालेला आजार. दोन्ही टोकांना कुलूपबंद तारा, मागे स्प्रिंगा. घेतली.

आता हे यंत्र समजून घ्या. ब्रिज दोन खिळ्यांवर टेकून तरंगत असतो. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा, दोघींचा जोर सारखा म्हणून तो सपाट राहतो. एक तार तुटली की स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागे ओढला जातो आणि उरलेल्या पाचही तारा चढ्या होतात. हे मला कार्यक्रमात, दुसऱ्या गाण्याच्या सोलोत कळलं. तार तुटली म्हणून एवढं काही नाही, पाच तारांवर भागवू असं वाटून पुढचा सूर लावला, तर बेसवाल्याने माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं. ट्यूनरच्या खुंट्या पिळून उपयोग नाही, नटपाशी (हेडस्टॉकजवळची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) कुलूप. कुलपाची किल्ली घरी.

आणि ड्रॉप डी, म्हणजे फक्त सहावी जाड तार एक सूर उतरवून वाजवणं, विसरा. सहावी तार सैल केली की बाकीच्या चढतात, त्या उतरवल्या की सहावी पुन्हा चढते. अर्धा तास मांजर शेपटीमागे फिरतं तसा फिरायचो. शेवटी गिटारच्या पाठीचं झाकण काढून स्प्रिंगांच्या खोबणीत लाकडाचा एक तुकडा ठोकून बसवला. आता ब्रिज मागे जात नाही, दांडा फक्त खाली दाबता येतो. तार तुटली तरी बाकीच्या जागेवर राहतात. खरं सांगतो, दांडा आता महिन्यातून एकदा वापरतो, तोही चिरंजीव समोर असले तर.

*

तुम्ही सगळे गिटारबद्दल लिहिताय. मी सहा वर्षांत तीन गिटारी बदलल्या आणि अ‍ॅम्प तोच ठेवला, सरावाचा छोटा, पहिल्या गिटारबरोबर घेतलेला. टेलिकास्टर घाटाची होती ती 'रॉकची नाही' म्हणून काढून टाकली. मग हंबकरवाली. मग त्याहून जोरकस पिकअपवाली. प्रत्येक वेळी पहिला आठवडा बरा जायचा आणि मग तोच माशी घोंगावल्यासारखा आवाज परत. एकदा मित्राच्या अ‍ॅम्पमध्ये त्याचीच साधी टेली लावून वाजवली आणि गप्प बसलो. लेड झेपलिनचा 1969 चा पहिला अल्बम बराचसा टेलिकास्टरवर वाजवलेला आहे हे मला नंतर समजलं. त्यांचा गिटारिस्ट जिमी पेज म्हटलं की लेस पॉलच डोळ्यांपुढे येते ना!

माझी दुसरी चूक गेनची. खोलीत एकटं वाजवताना गेन पूर्ण, मिड (मधल्या पट्टीचा आवाज) शून्य, बेस आणि ट्रेबल वर, हे भारी वाटतं. ड्रम आणि बेस सुरू झाले की तोच आवाज पाण्यात विरघळल्यासारखा नाहीसा होतो. गिटारचा आवाज मुळात मिडमध्येच राहतो, तोच काढून टाकल्यावर उरणार काय? शिवाय एवढ्या गेनला कुठलीही गिटार कुठल्याही गिटारसारखी वाजते. गेन निम्म्यावर आणला तेव्हा माझ्या तिसऱ्या गिटारचा स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बरा होता.

*

डावखुरी आहे. तुम्ही पिकअप आणि ब्रिज निवडता, आम्ही 'आहे की नाही' ते विचारतो.

हेंड्रिक्स उजवी स्ट्रॅट उलटी धरून, तारा उलट्या लावून वाजवायचा, म्हणून मीही तसंच केलं. दिसायला झकास. पण व्हॉल्यूमचे खटके वर येतात आणि मनगट लागून आवाज आपोआप कमी होतो. नटमधल्या खाचा जाड तारेसाठी रुंद आणि बारीक तारेसाठी अरुंद असतात, उलट्या लावल्या की जाड तार खाचेत बसत नाही आणि बारीक तार खाचेत नाचते. नवा नट घालावा लागला. वर लांब शिंग जाऊन आखूड येतं, पट्ट्याची खुंटी हलवावी लागते. एक फायदा मात्र खरा. ब्रिजचा पिकअप तिरका असतो, तो उलटा झाल्यामुळे जाड तारा ब्रिजजवळ पकडल्या जातात आणि त्यांना धार येते, बारीक तारा थोड्या मऊ होतात. काही जण मुद्दाम तसा बसवून घेतात म्हणे.

आता खरी डावी घेतलीय. पर्याय दोनच होते, त्यातली एक जांभळी होती. जांभळी घेतली, नेक जास्त बरी होती.

*

स्केल लेंग्थकडे, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीकडे बघा, विशेषतः सूर उतरवून वाजवणार असाल तर. फेंडर घराण्यात 25.5 इंच, गिब्सन घराण्यात 24.75. पाऊण इंच म्हणजे काय एवढं, असं मलाही वाटलं होतं. आखूड नेकवर तार सैल पडते, बेंड (तार बाजूला ताणून सूर चढवणं) लोण्यासारखा होतो, बोटं कमी ताणावी लागतात. माझे पंजे लहान, म्हणून आखूड घेतली आणि खूश होतो. मग बँडने दोन सूर खाली उतरून वाजवायचं ठरवलं. नऊच्या (सगळ्यात बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची) बारीक तारा, त्यात आखूड नेक, त्यात खाली उतरलेल्या. जोरात मारलं की सूर आधी वर उडायचा आणि मग जागेवर यायचा, कपड्यांच्या दोरीवर वाजवल्यासारखं. अकराच्या तारा लावल्यावर सुधारलं.

पण हा नियम म्हणून घेऊ नका. ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमीची बोटांची टोकं कारखान्यात तुटली होती, तो आखूड नेकच्या एसजीवर बारीक तारा लावून, वर सूरही उतरवून वाजवायचा. हेवी मेटलची सुरुवात त्या सैल तारांवर झाली. हात हलका ठेवायला शिकलं की जमतं. मला जमलं नाही.

*

मी दुरुस्तीचं काम करतो. माझ्याकडे 'ही विकून दुसरी घ्यायचीय' म्हणून येणाऱ्या गिटारींपैकी बऱ्याच सेटअप करून त्याच माणसाबरोबर परत जातात. म्हणून घेताना काय बघावं ते लिहितो.

आधी केबल न लावता वाजवा. प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, एकेक करून. कंटाळवाणं आहे, पण एखादा फ्रेट उंच असेल तर त्याच्या आधीचा सूर खरखरतो, तो असाच सापडतो. मग सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे धडाला मिळते तिथे, अशी दोन ठिकाणी दाबा. मध्ये सातव्याआठव्या फ्रेटपाशी तारेखाली जाडसर कागद जाईल एवढी फट हवी. खूप जास्त असेल किंवा अजिबात नसेल तर ट्रस रॉड फिरवून बघावा लागेल. ते किरकोळ काम आहे, पण नेक पिळवटलेली असेल तर ते किरकोळ नाही. हेडस्टॉककडून एका डोळ्याने नेकच्या दोन्ही कडा बघा, रुळांसारख्या समांतर दिसल्या पाहिजेत.

बाराव्या फ्रेटवर बोट टेकवून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच दाबून वाजवा. दोन्ही सूर एक हवेत. नसले तर ब्रिजची खोगिरं (प्रत्येक तार टेकते तो तुकडा) पुढेमागे करून बहुतेक वेळा जुळतात. तिसरी तार पूर्ण एक सूर बेंड करा. गोलाई जास्त असलेल्या जुन्या धाटणीच्या, 7.25 इंच त्रिज्येच्या फ्रेटबोर्डवर अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली असेल तर वरच्या फ्रेटवर बेंड करताना सूर मध्येच मरतो. रॉकमध्ये बेंड लागतोच, तेव्हा 9.5 किंवा 12 बरी.

तार पिळताना नटपाशी 'टिंग' ऐकू आलं तर तार खाचेत अडकतेय, ती सुरात राहणार नाही. शिसपेन्सिलीचं टोक खाचेत घासा. एवढ्याने सुटलं तर 'ट्यूनर बदलून द्या' म्हणत माझ्याकडे यायचं वाचलं. शेवटी केबल लावा, जॅकपाशी हलवून बघा, सगळे खटके फिरवून खरखर ऐका. पिकअप नंतर बदलता येतात. नेकची जाडी नाही बदलता येत.

*

मावशी परत आली आहे. सगळ्यांचे आभार. भाच्याला हे सगळं वाचून दाखवलं, दुरुस्तीवाल्या दादांचं तर दोनदा. बरोबर गेलेही. त्याने सात गिटारी उभं राहून वाजवल्या, एका डोळ्याने नेक बघितली, नटपाशी कान लावून टिंग ऐकलं, अ‍ॅम्पचा गेन निम्म्यावर ठेवला. मला भरून आलं.

मग फ्लोटिंग ब्रिजवाली घेतली. काल ड्रॉप डी लावायला बसला, अजून लावतोय. तो लाकडाचा तुकडा किती जाड कापायचा, तेवढं कुणी सांगेल का?