शाळेतलं शेवटचं वर्ष: तुमच्या वर्गाने स्वतः काय केलं?

यंदा आमच्या भागातल्या एका शाळेने दहावीच्या मुलांना स्नेहसंमेलनातून वगळलं. नाटकात काम करायचं नाही, सहलीला जायचं नाही आणि निरोप समारंभ पाऊण तासात उरकायचा. कारण अभ्यासाचं दिलं. मी ३१ वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं, त्यातली बरीच वर्षं दहावीचा वर्गशिक्षक होतो. मला हे अजिबात पटलेलं नाही. शेवटच्या वर्षी मुलं पहिल्यांदा वर्गणी काढतात, वहीत हिशोब लिहितात, मांडववाल्याशी घासाघीस करतात, भांडतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र सतरंज्या घालतात. माझ्या एका वर्गाच्या निरोप समारंभानंतर ३१२ रुपये उरले होते. आईस्क्रीम खायचं की शाळेला काही द्यायचं, यावर मुलं दोन मधल्या सुट्ट्या वाद घालत होती. मी मुद्दाम बाहेर व्हरांड्यात थांबलो. शेवटी त्यांनी मुलींच्या खोलीसाठी आरसा आणला. तो बसवायला लागणारे खिळेही हिशोबात लिहिले होते.

तुमच्या शेवटच्या वर्षाबद्दल लिहा. गोड आठवणीच हव्यात असं नाही. जे राहून गेलं, जे लागलं, तेही यावं. शाळेचं आणि माणसांचं नाव मात्र नको.

*

नाशिक जिल्हा, १९७५

तोवर एसएससी अकरावीला असायची. आम्ही त्या जुन्या अकरावीची शेवटची तुकडी. त्याच मार्चमध्ये नव्या अभ्यासक्रमाच्या दहावीची पहिली तुकडीही एसएससीला बसली. म्हणजे शाळेतून एकाच वर्षी दोन वर्ग बाहेर पडणार होते! मोठे आम्ही, पण सगळं कौतुक त्या नव्या गणिताच्या दहावीचं. निरोप समारंभ वेगळे घ्यायचे की एकत्र, यावरून खूप ताणलं गेलं. आमच्या हेडसरांनी दोन्ही वर्गांच्या प्रतिनिधींना ऑफिसात बसवलं आणि म्हणाले, तुम्ही ठरवा, मी चहा पाठवतो. एकत्र करायचं ठरलं. भाषण आमच्याकडून एक, त्यांच्याकडून एक. चिवडा, पेढा आणि अर्धा कप कॉफी. फोटोत मात्र खुर्च्यांच्या मागे पहिली ओळ आमची, ही अट आम्ही सोडली नाही. तो फोटो आजही माझ्या दिवाणखान्यात आहे.

*

पुणे, १९९८

माझी आठवण चांगली नाही, तरी लिहिते. आमच्याकडे गॅदरिंगला फिशपॉण्ड असायचे. जुनी माणसं शेलापागोटे म्हणतात. नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायच्या आणि स्टेजवरून त्या वाचायच्या. माझ्या रंगावरून एक चिठ्ठी आली. सहाशे मुलं हसली. पुढच्या रांगेत बसलेल्या बाईही हसल्या, हे मला सर्वांत जास्त लागलं. निरोप समारंभाच्या दिवशी मी पोटात दुखतंय असं सांगून घरी राहिले. वर्गाच्या फोटोत मी नाही. मुलांना मोकळीक द्या, जरूर द्या. पण सहाशे जणांसमोर कोणाच्या अंगावर काय फेकलं जाणार आहे, ते एका मोठ्या माणसाने आधी वाचायला नको का?

*

धागा सुरू करणारा

ताई, वाचून फार वाईट वाटलं. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. आमच्याकडे चिठ्ठ्यांचा डबा आदल्या दिवशी मी आणि मुलांतले दोघं मिळून उघडायचो. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या बाजूला पडायच्या. कोणती का काढली, यावर त्या दोघांशी बोलणं व्हायचं. तेवढ्या अर्ध्या तासात कळायचं, की वर्गात कोण कोणाला छळतंय.

*

पुणे जिल्हा, १९९६

मी अशा चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांतला. तुमच्या शाळेतला नाही, पण तेच केलंय. एका मुलाच्या तोतरेपणावर लिहिलं होतं. तो आता कुठे असतो ते माहीत नाही. इथे लिहून त्याला काही पोहोचणार नाही, हे कळतं. तरी माफी मागतो.

*

लातूर जिल्हा, २००७

आमची सहल वेरूळ, दौलताबाद आणि पैठणची होती. एसटीच्या प्रासंगिक कराराला, म्हणजे अख्खी बस भाड्याने घेण्याला, शालेय सहलीसाठी निम्म्या भाड्याची सवलत असते, म्हणून सर म्हणायचे की आपली सहल स्वस्त. पण अर्धे पैसे भरणंही आमच्या घरात शक्य नव्हतं. त्या वर्षी सोयाबीनचं काहीच हाती लागलं नव्हतं. जे जाणार नाहीत त्यांनी शाळेत यायचं, असा नियम. आम्ही ११ जणं दोन दिवस रिकाम्या वर्गात बसलो. पहिल्या दिवशी फळ्यावर तारीखसुद्धा कोणी लिहिली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकीने तिच्या शेतात चला म्हणून सांगितलं. जानेवारी होता, हुरडा धरलेला. शिपाईमामांनी मुख्याध्यापकांना विचारलं आणि स्वतः आमच्याबरोबर आले. तिच्या वडिलांनी आगटी पेटवली, कणसं भाजून हातावर चोळून दिली. बरोबर गूळ आणि शेंगदाण्याची चटणी. लाटणं, परात, जे हाताला लागेल ते वाजवून गाणी म्हटली. सहलीहून आलेल्यांनी कैलास लेण्याचं वर्णन केलं तेव्हा आमच्याकडेही सांगण्यासारखं काही होतं.

आता मी स्वतः शिक्षिका आहे. आमच्या दहावीची सहल एका दिवसाची आणि चालत जाता येईल इतकीच असते. सगळे येणार असतील तरच निघायचं.

*

मुंबई, रात्रशाळा, २०१३

आमचा वर्ग साडेसहाला भरायचा. कोणी कँटीनमध्ये कामाला, कोणी कुरिअरमध्ये, दोन जण वॉचमन. मी ३८ वर्षांची, घरकाम करायचे. वर्गातली पोरं मला मावशी म्हणायची. दिवसाच्या शाळेसारखं स्नेहसंमेलन आम्हाला कुठलं? पण शिक्षक दिनाला आम्ही दहावीवाल्यांनी शाळा चालवायचं ठरवलं. मी आठवीला भूमिती शिकवली. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश. कागदाचा त्रिकोण कापला, तिन्ही कोपरे फाडून शेजारी शेजारी ठेवले, सरळ रेघ झाली. आमच्या सरांनी मला असंच शिकवलं होतं. मागच्या बाकावर एक पोरगा पेंगत होता, सकाळी चार वाजता दूध टाकायला जायचा तो. त्याला मी उठवलं नाही.

निरोप समारंभ रविवारी ठेवला, कारण सगळ्यांना सुट्टी तेव्हाच. कँटीनवाल्या पोरांनी मालकाकडून मोठी भांडी आणून पुलाव केला. मी पहिल्यांदा माइकवर बोलले. माझा मुलगा तेव्हा नववीत होता, तो ऐकायला आला होता. पुढच्या वर्षी त्याच्या निरोप समारंभाला मी गेले.

*

न्यू जर्सी

आमच्या मुलीने इथल्या हायस्कूलचं शेवटचं वर्ष २०१९ ला पूर्ण केलं. इथे बारावीच्या वर्गाला सिनियर म्हणतात आणि वर्षभर त्यांचं काही ना काही चालूच असतं. शाळा उघडल्यावर एका पहाटे सगळे मैदानावर पांघरुणं घेऊन सूर्योदय पाहायला जमतात, शरद ऋतूत होमकमिंगचा, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या स्वागताचा, सामना आणि नाच, वसंतात प्रॉम हा नटूनथटून जायचा नाचाचा समारंभ, मग इयरबुकवर, म्हणजे वर्षाच्या फोटोंच्या पुस्तकावर, सह्या. प्रॉमची मला धास्ती होती. जोडीदाराबरोबर जायची पद्धत, महागडे कपडे, भाड्याच्या लांबलचक गाड्या. लेक पाच मैत्रिणींबरोबर गेली. साडीच हवी म्हणाली, म्हणून मी तिला माझी नारायणपेठ नेसवली. पिना ३२ लावल्या!

पण मला लिहायचंय ते प्रोजेक्ट ग्रॅज्युएशनबद्दल. पदवीदानाच्या रात्री दारू पिऊन गाडी चालवण्यात मुलं जात, म्हणून १९८० मध्ये मेन राज्यात पालकांनी ही रात्र सुरू केली आणि ती देशभर पसरली. समारंभ संपला की मुलांना बसमध्ये घालून एका बंदिस्त जागी नेतात. रात्रभर खेळ, पोहणं, खाणं आणि पहाटे शाळेत परत. मधे कोणालाही बाहेर जाता येत नाही. मी मेंदीच्या टेबलावर होते. रात्री दोन वाजता फुटबॉलच्या संघातला एक धिप्पाड मुलगा येऊन बसला आणि आजीचं नाव तळहातावर काढून द्या म्हणाला. इंग्रजी अक्षरांभोवती मी कोयऱ्या काढल्या.

सर, तुमचं वाचून एक जाणवलं. ती रात्र पूर्णपणे आम्हा पालकांची होती. खर्च, यादी, खेळ, सगळं आम्ही ठरवलेलं. ती सुरक्षित होती आणि ते हवंच होतं. पण लेकीला विचारलं तर ती सूर्योदयाचं सांगते. तो मुलांनी मुलांसाठी ठरवलेला होता.

*

ठाणे, २०२० ची बॅच

आमचा शेवटचा पेपर भूगोल, सोमवार, २३ मार्च. तो सुटला की शाळेच्या गेटवर जमायचं, शर्टांवर सह्या करायच्या, मग तलावपाळीला जायचं असं ठरलेलं. निरोप समारंभात आम्ही फार रडलो नव्हतो, कारण खरा निरोप २३ तारखेला होता. शनिवारी पेपर पुढे ढकलल्याची बातमी आली, रविवारी जनता कर्फ्यू आणि नंतर सगळं बंद. पुढे पेपरच रद्द झाला आणि बाकी विषयांच्या सरासरीने भूगोलाचे गुण मिळाले. निकाल २९ जुलैला मोबाईलवर बघितला. पेढे कोणाला द्यायचे? शेजारच्या काकांनी दारातूनच हात जोडले.

लोक म्हणायचे, तुमचं नशीब चांगलं, एक पेपर वाचला. आम्हाला तो पेपर हवा होता. दोन वर्षांनी आम्ही २३ मार्चलाच तलावपाळीला जमलो. ५४ पैकी १९ आलो. एकाचे वडील कोविडमध्ये गेले होते. आम्हाला ते माहीतच नव्हतं. त्याच्याशी काय बोलायचं कळेना, तेव्हा एकीने पिशवीतून पांढरा शर्ट काढला आणि पहिली सही त्याला करायला लावली.

*

अलिबागजवळचं गाव, १९९४

आमच्या वर्गाने प्रिलिम संपल्यावर पोपटी लावली होती, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजल्या होत्या. शेंगा एकाच्या वाडीतल्या, मडकी कुंभारवाड्यातून आणलेली, अंडी बाईंनी दिलेली. रात्री नऊपर्यंत मुलींना घरी पोहोचवायचं, या अटीवर परवानगी मिळाली होती. कोणी कोणत्या आळीतल्या मुलींना सोडायचं याची यादी बाईंनी आमच्याकडूनच करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी ती तपासली. सव्वानऊ झाले होते. ओरडा खाल्ला.

*

बीड

मी दहावीचा वर्गशिक्षक आहे. यंदा वर्गात विचारलं, तर मुलांना हेच करून बघायचंय. आमच्याकडे वाल फारसा नाही, तुरीच्या शेंगा आहेत. कसं करतात ते कोणी सांगेल का?

*

अलिबागजवळचं गाव, १९९४

सर, तुरीच्याही होतील. मडक्याच्या तळाला पाला घालायचा. आमच्याकडे भांबुर्डा या रानातल्या झाडाचा घालतात, त्याचाच वास पोपटीला असतो. त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे बटाटे आणि अंडी. गच्च भरा. पाणी थेंबभरसुद्धा घालायचं नाही. तोंड पाल्याने घट्ट बंद करून मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती काटक्या, पेंढा रचून पेटवायचं. अर्ध्या तासाच्या आसपास मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून बघा. चर्र होऊन लगेच उडाले की झालं. मडकं उतरवताना ओलं पोतं हाताशी ठेवा आणि ते काम तुम्ही स्वतः करा. बाकीचं पोरांना करू द्या.